पाचवी कॅसेट

"लेखक काय ताकदीचा आहे रे," हेमाताई म्हणाल्या. चहाचा कप त्यांच्या हातात तसाच राहिला होता. "एका शब्दात माणूस उभा केला त्यानं."

अनिरुद्धने मान डोलावली. मग हेमाताईंना दिसत नाही हे आठवून तो तोंडाने "हो" म्हणाला. गेली तीन वर्षं तो दर रविवारी कोथरूडहून सदाशिव पेठेत त्यांच्या खोलीवर यायचा, तरी ही चूक त्याच्याकडून व्हायचीच.

हेमाताई बँकेत टेलिफोन ऑपरेटर. वाचनाचं वेड दांडगं, आणि ब्रेलमध्ये मराठी कादंबऱ्या मिळून मिळणार किती? म्हणून अनिरुद्ध पुस्तकं मोठ्याने वाचून त्यांना कॅसेटवर भरून द्यायचा. आधी स्वतः वाचून बघायची भानगड नाही. पान उघडायचं, बटण दाबायचं आणि सुटायचं. मत द्यायचं काम हेमाताईंचं. एखाद्या लेखकाची त्या अशी सालटी काढत, की तो बिचारा पुण्यात राहत नसला तर बरं, असं वाटावं. अनिरुद्धला विचारलं तर तो म्हणायचा, "मला कसलं मत? मी नुसता आवाज." हा त्याचा विनय नव्हता, त्याला खरंच तसं वाटे. कंपनीत तो दिवसभर कॉम्प्युटरचे जुने प्रोग्रॅम तपासायचा. सन दोन हजार उजाडलं की ते गोंधळ घालणार, म्हणून अमेरिकेतून त्याला बोलावणं आलं होतं. येत्या गुरुवारी विमान होतं. त्याआधी हातातल्या कादंबरीची शेवटची कॅसेट पोचवायला तो आला होता.

"कुठल्या शब्दात?" त्याने विचारलं.

"पाचव्या कॅसेटमध्ये. मुलगा नोकरीसाठी गाव सोडतो, आई उंबऱ्यात उभी. आणि हा तिला म्हणतो, 'आई, जातो.'" हेमाताईंनी कप खाली ठेवला. "अरे, निघताना 'जातो' कोण म्हणतं? भांडून उठलेला माणूससुद्धा 'येतो' म्हणतो, आणि मग उरलेलं दारात भांडतो. माझ्या तर अंगावर काटा आला. तिथेच कळलं मला, हा काही परत यायचा नाही. शेवट अजून ऐकायचा आहे, पण लाव पैज."

अनिरुद्ध चरकला. तो मुलगा परत येत नाही, हे खुद्द त्यालाही काल शेवटचं पान वाचताना कळलं होतं. तोवर पुढची सगळी पानं ती आई वाट बघते, आणि वाचणाराही तिच्याबरोबर बघत राहतो. पण 'जातो' त्याला काही केल्या आठवेना. पुस्तक पिशवीतच होतं. त्याने ते पान शोधलं आणि दोनदा वाचलं.

"हेमाताई, इथे 'येतो' आहे."

"काहीतरीच."

"स्वच्छ छापलंय. 'आई, येतो.' माझं वाचताना चुकलं. घरी जाऊन तेवढं दुरुस्त करून आणतो…"

"थांब. बोट ठेव माझं त्याच्यावर."

त्याने त्यांचं बोट धरून त्या शब्दावर टेकवलं. गुळगुळीत कागदावर त्यांनी ते सावकाश फिरवलं, पुढे नेलं, मागे आणलं. मग पुस्तक त्याच्याकडे सरकवलं.

"म्हणजे हे लेखकाला सुचलंच नाही," त्या म्हणाल्या. "तुला सुचलं. आणि तुला तर पुढचं काही ठाऊकही नव्हतं."

अनिरुद्धने पुन्हा त्या शब्दाकडे पाहिलं. प्रोग्रॅममध्ये एक अक्षर चुकलं तर सगळं कोसळतं, हे त्याला पक्कं माहीत होतं. इथे एक शब्द चुकला होता आणि त्या शब्दाने पुढची शंभर पानं आधीच सांगून टाकली होती. नळातून पाणी यावं तसं पुस्तक आपल्या डोळ्यांतून शिरतं आणि तोंडातून बाहेर पडतं, अशी त्याची समजूत होती. वाटेत ते आपल्याला भेटत असेल, असं त्याच्या मनातही आलं नव्हतं. आपलाच आवाज आपल्यापेक्षा जास्त जाणता निघाला, या विचाराने तो थक्क झाला, आणि थोडा घाबरलाही.

"किती दिवसांसाठी चाललायस?" हेमाताईंनी विचारलं.

"दोन वर्षं. काम संपलं की परत."

हे वाक्य त्याने महिनाभर सगळ्यांना सांगितलं होतं. घरी, ऑफिसात, जिन्यात भेटलेल्या शेजाऱ्यांना. कुणी शंका घेतली नव्हती, आणि त्याने स्वतःही घेतली नव्हती. हेमाताईंनीही घेतली नाही. नुसत्या ऐकत राहिल्या. त्या ऐकत होत्या म्हणून त्यालाही ते पहिल्यांदा नीट ऐकू आलं, आणि ते खोटं आहे हे त्याला कळलं.

"या कादंबरीच्या सगळ्या कॅसेट दोन दिवस नेऊ का?" त्याने घाईने विषय बदलला. "प्रत काढून घेतो. आई म्हणते, 'तू नसताना तुझा आवाज तरी घरात राहील. ऐकत बसेन रोज.'"

हेमाताई उठल्या. कपाटातून त्यांनी कॅसेटचा डबा काढला. प्रत्येकीवर त्यांनी ब्रेलमध्ये टोचून क्रमांक घातलेले होते. बोटाने चाचपत त्या एकेक कॅसेट त्याच्या पिशवीत टाकत गेल्या. चौथीनंतर त्यांचा हात थांबला. पुढची कॅसेट त्यांनी पुन्हा कपाटात ठेवली, आणि मग सहावी उचलली.

"पाचवी टेपमध्ये अडकून तुटली," त्या म्हणाल्या. "आईंना तसं सांग."