सोमवारचं माप

टेलर मास्तरांचं पोट रोज संध्याकाळी नगाऱ्यासारखं फुगायचं. आहारतज्ज्ञ मॅडमनी दूध बंद केलं आणि रोजचं खाणं आणि पोटाचं माप लिहायला वही दिली. पंधरा दिवसांनी वही बघून त्या चक्रावल्या. खाणं तेच, पण पोट आज सदतीस इंच, उद्या चाळीस!

"काका, माप कोण घेतं?"

"मीच. दुसरं आहे कोण घरात?"

एकट्याने घेतलं की टेप पाठीमागे घसरते, हे मास्तर चाळीस वर्षं गिऱ्हाइकांना बजावत आले होते. आता तेच ओशाळले.

मॅडम टेप घेऊन उठल्या. "हात वर करा. पोट आत ओढू नका हं."

हजारो माणसांना मास्तरांनी असं हात वर करून उभं केलं होतं. त्यांच्या स्वतःच्या कमरेभोवती मात्र बायको गेल्यापासून कुणी टेप धरली नव्हती. "दर सोमवारी या, मीच घेईन माप," मॅडम म्हणाल्या.

मास्तर दर सोमवारी इस्त्रीचा शर्ट घालून अर्धा तास आधीच हजर. दूध तर सोडाच, दुधाचा चहासुद्धा नाही.

पाचव्या सोमवारी मॅडम खूश झाल्या. "छत्तीस! पोट अगदी जागेवर आलं, काका. आता यायची गरज नाही."

परतताना मास्तरांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून लिटरभर दूध घेतलं.

"बऱ्याच दिवसांनी दूध? पाहुणे येणार वाटतं?" दुकानदाराने विचारलं.

"छे हो," मास्तर तिथंच पिशवी दातांनी फोडत म्हणाले, "मलाच जायचंय, सोमवारी."