नीलांबरीची अट

नीलांबरीनं पेनाचं टोपण काढलं, तेवढ्यात आईनं, नर्मदाबाईंनी, चहाचा ट्रे थेट करारावरच टेकवला.

"किती चिपा बनवणार तुमी? अन् कवा?" त्यांनी पुण्याहून आलेल्या स्वानंद साहेबांना सरळ विचारलं.

साहेब गडबडले. "बनवायचं बंधन करारात नाही, मावशी. पेटंटचा परवाना दहा वर्षं फक्त आमच्या कंपनीला. पैसे मात्र आजच."

नीलांबरीचा हात थांबला. वीज कितीही खालीवर झाली तरी न अडखळणारा हा मायक्रोप्रोसेसर तिनं वसमतच्या याच माडीवर सहा वर्षं खपून घडवला होता. पंपाच्या स्टार्टरमध्ये तो बसला की शेतातल्या मोटारी जळायच्या थांबणार होत्या. तिला तेवढंच हवं होतं. आणि बघा, एवढी शिकलेली बाई, करार चारदा वाचला, पण हे विचारायचं राहूनच गेलं!

"आमी शेजाऱ्याला हळदीचं बेणं देतो," आई म्हणाल्या, "तवा आधी इचारतो, कोणत्या रानात लावणार? लावलं न्हाई, तर जाऊन उचलून आणतो. घरात वाळवत ठेवणाऱ्याला कोण देतं, बाबा?"

नीलांबरीला आधी स्वतःचा राग आला, मग साहेबांचा. तिनं ट्रे बाजूला सारला. 'फक्त' या शब्दावर आडवी रेघ मारली. खाली लिहिलं : परवाना मागेल त्या कारखान्याला मिळेल. दोन वर्षांत चिप बनवायला सुरुवात केली नाही, तर तो रद्द.

"आमची कंपनी हे कधीच मान्य करणार नाही," साहेब म्हणाले.

"न्हाई तर न्हाई," नीलांबरी आईच्याच सुरात म्हणाली. "दहा कारखान्यांचे उंबरे झिजवीन, साहेब. पण कुलपात ठेवायला देणार नाही."

साहेबांनी कागद स्वतःकडे ओढला. आता फाडतो मेला, असं नर्मदाबाईंना वाटलं. साहेबांनी खिशातलं पेन काढलं. 'चिप बनवायला सुरुवात' हे शब्द खोडले आणि वर लिहिलं, 'चिपची बाजारात विक्री'.

"असंच लिहा," ते मान वर न करता म्हणाले. "सुरुवात तर माझ्याही चिपची केली होती आमच्या कंपनीनं. नऊ वर्षं झाली."