चालतं छप्पर

आई गेल्यावर थोरली बहीण तादाला दोन धाकट्या भावांना घेऊन घरातच राहिली. वादळात छप्पर उडालं तेव्हा मामा लिलाँग्वे शहरातून न्यायला आला. “तिघं तीन घरी राहतील. उघड्यावर ठेवू का?” पोरक्या मुलांना मक्याची पेज घालणाऱ्या आमच्या महिला मंडळाच्या म्वालेकाकी म्हणाल्या, “पेज पिऊन जा. घाई कसली?” पेज संपायच्या आत टेकडीमागून गाणं ऐकू आलं. मग गवताचं नवंकोरं गोल छप्पर टेकडीवर उगवलं आणि चालू लागलं. खाली सगळं गाव होतं. दिसत होते नुसते पाय. “ताई, छप्पर चालतंय!” धाकटा ओरडला. उतारावर छप्पर कललं. “अहो मामा, बघता काय? खांदा लावा!” काकी गरजल्या. मामा धावतच छपराखाली शिरला. छप्पर भिंतींवर बसल्यावर घाम पुसत म्हणाला, “पोरी, चूल पेटव. जेवून एकटाच जातो.”