जुनी रिंग

बोल्ट निघत नव्हता. रीथा जॅकनं उचलून ठोकळ्यांवर ठेवलेल्या गाडीखाली पुठ्ठ्यावर उताणी पडून दोन्ही हातांनी पाना ओढत होती. बाहेर खडीवर, चाकांच्या खुर्चीत तिचा नवरा वेंडेल बसला होता. तिथून त्याला तिचे फक्त पाय दिसत होते.

"डावीकडे फिरव," तो म्हणाला.

"तेच करतेय."

"मग जोर कमी पडतोय. पान्याच्या दांड्यावर ती लोखंडी नळी चढव. माझ्या हातानं आवळलेला आहे तो."

हे तिला सांगायची गरज नव्हती. त्या हाताची ताकद तिच्याइतकी कुणाला ठाऊक असणार? फेब्रुवारीत अर्धांगाचा झटका आला आणि तो हात मांडीवर येऊन पडला, तो तिथंच राहिला. तोंडही एका बाजूला ओघळलं. कोळसा खाणीच्या ट्रकांची इंजिनं पंचवीस वर्षं उघडणारा माणूस आता डाव्या हातानं चमचा धरायला शिकत होता.

मंगळवारी डॉक्टरकडे जायचंय, तेल काळं पडलंय, बदलायला हवं, असं तिनं त्याला सांगितलं होतं. गॅरेजवाल्याकडे गेली असती तर दुपारपर्यंत ती लांब निघाल्याचं अख्ख्या खोऱ्याला कळलं असतं. डॉक्टरचं सगळं खोटं होतं. डिकीत घोंगडीखाली तिची पिशवी होती. त्याच संध्याकाळी वेंडेलची बहीण मर्ना आठवडाभर राहायला येणार होती. ती आली की दुकानात जाऊन येते म्हणून निघायचं आणि थेट लेकीकडे, कोलंबस शहरात पोचायचं. परत यायचं नाही.

नळी चढवल्यावर बोल्ट एकदम सुटला. कढत तेल मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं, बोल्ट घमेल्यात बुडाला. रीथा कण्हली.

"हात बाजूला घे म्हणून सांगितलं होतं."

"सांगितलं नव्हतंस."

"नसेल सांगितलं," तो म्हणाला.

बावीस वर्षांत त्यानं एवढंसुद्धा कधी कबूल केलं नव्हतं.

तेल निथळलं. बोल्ट काळ्या तेलातून चाचपून काढावा लागला. तो परत बसला, पण तेलाचा जुना फिल्टर हलेना. हात नुसताच घसरत होता. स्क्रूड्रायव्हर आरपार ठोक आणि त्यालाच धरून फिरव, असं वेंडेलनं सांगितलं. तिनं ठोकला. उरलंसुरलं तेल तिच्या केसांत आलं.

"सावकाश. घाई नाही."

"तुझ्या तोंडून 'घाई नाही' ऐकायला एवढी वर्षं लागली."

"तोंडच चालत नाही आता. घाई कसली करणार."

गाडीखाली रीथाला हसू आलं. तिचं तिलाच नवल वाटलं.

ती नवा फिल्टर लावायला लागली, तसा तो म्हणाला, "थांब. जुन्या फिल्टरला रबरी रिंग आहे का बघ."

"असेल."

"बघ म्हणतोय ना."

नव्हती. रिंग वर इंजिनालाच चिकटून बसली होती.

"नखानं काढ. जुनीवर नवी बसली तर गावात फिरताना काही कळत नाही. मोठ्या रस्त्यावर वेग घेतला की दोन्ही सरकतात. दहा मिनिटांत सगळं तेल बाहेर आणि इंजिन जाम."

रीथाचं नख तिथंच थांबलं. "आपल्याला कुठं मोठ्या रस्त्यावर जायचंय," ती म्हणाली.

तिनं रिंग सोलून काढली.

नवं तेल भरलं. इंजिन चालू केलं. खाली एक थेंब पडला नाही. ती त्याच्याजवळ येऊन उकिडवी बसली, तेव्हा त्यानं डाव्या हातात फडकं घेतलं आणि तिचा भाजलेला हात पुसायला लागला. त्याला नीट जमत नव्हतं, पण तो पुसत राहिला. रीथा त्याच्या वाकलेल्या मानेकडे बघत होती. हा माणूस आधी कुठं होता, असं तिच्या मनात आलं. पिशवी आत नेऊन ठेवायला पाच मिनिटंही लागली नसती.

"मर्नाला फोन करते," ती म्हणाली. "येऊ नको म्हणून सांगते. तुझं सगळं मीच बघेन."

या वेळी ती खोटं बोलत नव्हती.

वेंडेलनं पुसायचं थांबवलं. फडकं मांडीवर ठेवलं.

"पोरगी नऊ वर्षांची होती," तो म्हणाला, "तेव्हा तू तिला घेऊन निघाली होतीस."

त्या गोष्टीला अकरा वर्षं झाली होती. दोघं त्याबद्दल कधी बोलले नव्हते. पन्नास मैलांवर, मोठ्या रस्त्याला लागल्यावर इंजिन जाम झालं होतं आणि पोलिसांनी मायलेकींना घरी आणून सोडलं होतं. देवाच्याच मनात नाही, असं समजून रीथा राहिली. पुढच्या हिवाळ्यात त्यानं तिचं मनगट मोडलं, तरी राहिली. पोरगी मात्र अठराची झाली त्या आठवड्यात घर सोडून गेली.

"आदल्या दिवशी मला गाडीत तुझी पिशवी दिसली," वेंडेल म्हणाला. "मग मी तेल बदलायला घेतलं. ती रिंग मी विसरलो नव्हतो. ठेवली होती."

रीथा उठली. जॅक लावून तिनं गाडी खाली उतरवली, आधी एक बाजू, मग दुसरी. त्याची खुर्ची ओसरीच्या सावलीत नेली. पाण्याचा पेला आणि फोन त्याच्या डाव्या हाताशी ठेवला. मग हातही न धुता गाडीत जाऊन बसली. इंजिन चालू झाल्यावर तिनं काच खाली केली.

"हे आजच कशाला सांगितलंस? मी राहत होते ना."

"म्हणून तर सांगितलं," वेंडेल म्हणाला.