ऑर्मरॉडचा संघ, हॅलमचा संघ

नवरा, क्लिफ, गेल्यावर स्टेडियममधली त्याची सीझनभराची खुर्ची डोरीनने स्वतःच्या नावावर करून घेतली. फुटबॉलमधलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. पण शेजारच्या खुर्चीवर वॉल्टर बसायचा, आणि तो आणि क्लिफ तीस वर्षं एकच भांडण भांडत आले होते. ऑर्मरॉड मॅनेजर असतानाचा संघ भारी, की हॅलमचा? ऑर्मरॉडचा संघ कपच्या फायनलमध्ये शेवटच्या मिनिटाला हरला होता, तर हॅलमच्या संघाचं लीगचं विजेतेपद एका गोलने हुकलं होतं.

आजही मध्यंतर होताच वॉल्टरने तोंडात गरम पॅटिसचा घास असतानाच सुरुवात केली. "हॅलमच्या पोरांनी अख्खं वर्ष घाम गाळला. तुझ्या नवऱ्याच्या लाडक्या ऑर्मरॉडने काय केलं? एक दुपार नाचला!"

"नाचला तरी फायनलमध्ये नाचला. तुझा हॅलम कधी तिथवर पोचला होता का रे?"

"अगदी क्लिफसारखी हेकट झालीस गं बाई!" वॉल्टर खुलला. घरी आठवडाभर त्याच्याशी बोलायला कुणी नसायचं. आता पुन्हा खेळ सुरू झाला, तरी तो थांबेना.

डोरीनने थर्मासमधला चहा त्याच्या कपात ओतला आणि कोटाच्या खिशातली चिठ्ठी हळूच चाचपली.



शेवटच्या दिवशी हॉस्पिटलमध्ये क्लिफने लिहिलेली ती चिठ्ठी तिने याही शनिवारी त्याला दाखवली नाही: 'वॉल्टरला सांग, हॅलमचाच संघ भारी होता.'