ओली माती

कोळशाच्या खाणीतल्या सबस्टेशनवर वीज पडल्याचं कळताच यज्ञेश्वरशास्त्री काशीतल्या दुर्गाघाटावरच्या घरातून निघाले आणि सोनभद्रची बस पकडून थेट खाणीच्या फाटकाशी पोचले. त्यांची लेक ऋता तिथे इलेक्ट्रिकल इंजिनीअर होती. तिला धडधाकट पाहून त्यांचा जीव भांड्यात पडला, तरी ते म्हणाले, "सामान बांध. घरी चल."

ऋतानं त्यांना सबस्टेशनमागचा अर्थिंगचा खड्डा दाखवला. "बाबा, वीज या धातूच्या पट्टीवरून खाली आली आणि इथे जमिनीत गेली. खाली खाणीत माणसं होती, पण कुणाला काही झालं नाही."

"दर वेळी अशीच जाईल?"

"माती ओली असली तर. उन्हाळ्यात ती सुकते, म्हणून आम्ही पाणी घालतो."

शास्त्रीबुवांनी तिच्या देवघरासाठी आणलेला गंगाजलाचा कॅन पिशवीतून काढला.

"हे चालेल ना?"

"चालेल, बाबा."

त्यांनी वाकून सगळा कॅन खड्ड्यात रिकामा केला, लेकीच्या डोक्यावर ओला हात ठेवला आणि संध्याकाळच्या बसनं ते एकटेच काशीला परतले.