अर्धी गोळी

"तोंड उघडायला सांग," नर्स हायडी म्हणाली. पाकूनं आईला आपल्या ह्मोंग बोलीत तेच सांगितलं. ब्लियानं नाइलाजानं तोंड उघडलं. जिभेखाली अर्धी गोळी सापडलीच.

अमेरिकेतल्या सेंट पॉल शहरातल्या या दवाखान्यातला आजचा चौथा दिवस. रक्तदाब चढून ब्लियाचा चेहरा एका बाजूनं वाकडा झाला होता. पुन्हा चढला तर वाचणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. आणि ही बाई रोज अर्धी गोळी चोरून ठेवायची, रोज पकडली जायची. पाकूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आधीच हे गोरे लोक आपल्याला अडाणी समजतात. पहिल्या दिवशी हायडीनं घरच्या गोळ्यांची बाटली नियमाप्रमाणे कपाटात ठेवली, तेव्हाही ती परत मागून आईनं सगळ्यांना भंडावून सोडलं होतं.

हायडीनं अर्धी गोळी समोर उभं राहून गिळायला लावली आणि रक्तदाब मोजला. अगदी उत्तम निघाला.

"कमाल आहे," डॉक्टर म्हणाले. "याआधी दोनदा डोस वाढवला, तरी उतरत नव्हता. घरी नीट घेतात ना?"

"रोज सकाळी, भात शिजवता शिजवता. मी स्वतः पाहिलंय," पाकू म्हणाली.

ब्लियाला त्यात रस नव्हता. "घरी कधी सोडतात ते विचार. तुझ्या बाबांना मीच रश्श्यात भात कालवून देते."

"चार दिवस माझ्या हातचा डबा खाल्ला तर मरत नाहीत बाबा."

बाबा दवाखान्याची पायरी चढत नसत. इथं नळ्या भरभरून रक्त काढतात आणि गेलेलं रक्त पुन्हा भरत नाही, हे त्यांचं ठाम मत. काल फोनवर म्हणाले, डोकं ठणकतंय, पण डॉक्टरचं नाव काढू नकोस. आज सकाळपासून फोनच उचलला नव्हता. दारातलं बर्फ उपसत असतील, म्हणून पाकूनं सोडून दिलं होतं.

डॉक्टर आणि हायडी बाहेर गेले. पाकूचा संयम सुटला. "आई, शोभतं का हे? कशाला लपवतेस गोळी?"

ब्लियानं दार लागल्याची खात्री केली. मग लेकीचा हात घट्ट धरला.

"तुझ्या बाबांना कळलं तर भाताला शिवणार नाहीत, म्हणून बोलले नाही गं. त्यांचंही डोकं माझ्यासारखंच ठणकतं, म्हणून दोन वर्षं माझ्या गोळीतली अर्धी मी त्यांच्या रश्श्यात विरघळवतेय. आज चार दिवस झाले, त्यांच्या पोटात गोळी गेलेली नाही."